रोझेरच्या वाढदिवसाच्या वड्या

सें-फ्युल्बेरचं टपाल मी सोळा वर्षं वर नेलं. किनाऱ्यावरच्या मोठ्या पोस्टातून थैल्या उचलायच्या, समुद्राकडे पाठ करायची आणि गाडीने वीस मैल चढायचं. आठवड्याला तीन खेपा. वर गावात पोस्ट म्हणजे नोएला कास्तिलूचं स्वयंपाकघर. खिडकीशी एक फळी, फळीवर शिक्के आणि तराजू, मागे चूल. थैली टाकली की ती न विचारता कॉफी पुढे करायची आणि म्हणायची, "बस ओमेर, रस्ता काही पळून जात नाही."

तिचं लग्न झालं नव्हतं, तरी सगळं गाव तिला मावशी म्हणायचं. ती एकवीस वर्षांची असताना आई बाळंतपणात बाळासकट गेली. घरात उरला बाप, जंगल तोडून नुकतीच मोकळी केलेली दगडाळ जमीन आणि चार वर्षांचा भाऊ, रोझेर. ठरलेलं लग्न तिनेच मोडलं. मुलगा किनाऱ्यावरचा मासेमार होता. त्याला बायको हवी होती, तिच्यासोबत चार वर्षांचा मेहुणा नको होता. त्याबद्दल तिने कधी रडगाणं गायलं नाही. एकदा मी विषय काढला तर म्हणाली, "मासे मला तसेही आवडत नाहीत."

रोझेर एकोणीस वर्षांचा झाला आणि गिटार घेऊन मॉन्ट्रियलला गेला. पाच-सहा वर्षं हॉटेलात भांडी घासली, रात्री गायला, आणि मग एक दिवस रेडिओवर आला. गाणी तो स्वतः लिहायचा, चालीही स्वतःच्याच, आणि सगळ्यांत आमचाच मुलूख. थंडी ओसरली की शेतातून वर येणारे दगड, लाकूडतोड्यांच्या छावणीतला रविवार, पत्राची वाट बघत दारात उभी राहणारी म्हातारी. शहरातल्या लोकांना तो कवीचा खेळ वाटायचा. आम्हाला कुठला दगड आणि कुठली म्हातारी हे नावानिशी माहीत होतं.

कितीही मोठा झाला तरी आठ ऑक्टोबरला, वाढदिवसाला, तो घरी यायचा. नोएला सायीच्या वड्या करायची. तशा त्या आमच्याकडे घरोघरी होतात, पण तिचा हात वेगळा होता. तपकिरी साखर, दाट साय, लोण्याचा गोळा. आटत आलं की थंड पाण्याच्या वाटीत थेंब सोडायचा, बोटांत मऊ गोळी वळली की पातेलं उतरवायचं आणि कोमट होईपर्यंत त्याच्याकडे बघायचंसुद्धा नाही. मग लाकडी चमच्याने घोटायचं, तकाकी जाईपर्यंत. सगळं गाव त्या स्वयंपाकघरात दाटीवाटीने उभं राहायचं, रोझेर टेबलाच्या कडेवर बसून गायचा, आणि म्हातारे अलसिदकाका बेर्नाशे प्रत्येक गाण्यानंतर म्हणायचे, "ठीक आहे, पण तुझा बाप बरा गायचा."

अडुसष्ट सालच्या फेब्रुवारीत फुफ्फुसाच्या दुखण्याने रोझेर गेला. चौतीस वर्षांचा होता. त्या ऑक्टोबरात नोएलाने पुन्हा वड्या केल्या. टेबलावर त्याच्या गाण्यांच्या तबकड्या ठेवल्या, दार उघडं टाकलं. लोक येतील की नाही अशी धाकधूक होती. साठ माणसं आली.

पुढच्या दोन वर्षांत माणसं कमी झाली, कारण गावच कमी होत गेलं. सरकारी माणसं नकाशे घेऊन आली होती. त्यांचं म्हणणं असं, की इथली जमीन शेतीच्या लायकीची नाही, इथे रस्ता आणि वीज ठेवणं परवडत नाही, तेव्हा लोकांनी खाली किनाऱ्यावर यावं, तिथे नव्या इमारतींत खोल्या मिळतील. जबरदस्ती नाही, असं ते दर वेळी सांगायचे. बहुतेक घरांनी सही केली की गाव बंद, एवढंच. आधी शाळा गेली. मग फादरची बदली झाली, नवे आले नाहीत. एकाहत्तरच्या उन्हाळ्यात बासष्टांपैकी एकोणीस घरं उरली होती, आणि त्यातल्या काहींनी सहीचे कागद घरी नेऊन ठेवले होते.

नोएलाने तो कागद चुलीत घातला आणि पत्रं लिहायला बसली.

तिचा हिशेब साधा होता. रोझेरची गाणी शहरात अजून वाजतात. ती ज्यांना आवडतात त्यांना कळलं, की गाण्यातलं गाव खरं आहे आणि ते बंद होतंय, तर ती माणसं येतील. आठ ऑक्टोबरला येतील, बघतील, परत जाऊन बोलतील. सरकारला लाज वाटेल. मी म्हटलं, मावशी, सरकारला लाज वाटलेली मी अजून पाहिली नाही. ती म्हणाली, "तू पाहिलं नाहीस म्हणून होत नाही असं नाही. तू देवही पाहिला नाहीस."

त्रेचाळीस पत्रं. रेडिओवाले, वर्तमानपत्रं, रोझेरसोबत गायलेली माणसं, तबकड्या काढणारी कंपनी. प्रत्येक पत्र तिने हाताने लिहिलं, स्वतःच शिक्का मारला, आणि मी ते खाली नेलं. त्यानंतर दर खेपेला तेच. मी थैली टाकायचो आणि ती कॉफी ओतता ओतता थैलीकडे बघायची. बिलं, पेन्शनची पाकिटं, सरकारी खलिते. सप्टेंबरात दोन उत्तरं आली, दोन्ही गोड आणि दोन्ही नकाराची. ती पाकिटं तिने उघडण्याआधीच मला कळायचं, कारण ती पातळ असायची.

महिनाअखेरीला जाड पाकीट आलं. दामफूस नावाच्या रेडिओवरच्या माणसाचं. रोझेरच्या गाण्यांवर त्याला एक मोठा कार्यक्रम करायचा होता. तो स्वतः येणार होता, टेपरेकॉर्डर घेऊन, बरोबर काही मित्रही आणीन म्हणाला होता. नोएलाने ते पत्र तीनदा वाचलं, मग मला वाचायला दिलं, मग परत घेतलं. संध्याकाळपर्यंत एकोणीस घरांत बातमी पोचली.

सात तारखेला सकाळी मी वर गेलो तर स्वयंपाकघरातून जळका वास येत होता. नोएला जमिनीवर बसली होती, पाठ कपाटाला टेकून. चुलीवर मोठं पातेलं काळं झालेलं. ती पुन्हा ते पत्र वाचत होती, मित्र म्हणजे किती मित्र याचा अंदाज घेत होती, आणि तळ लागला. गावातली सगळी साय त्यात होती. अलसिदकाकांची एकच गाय उरली होती, बाकीची जनावरं कधीच खाली विकली गेली होती. पंचावन्न वर्षांची बाई, बापाच्या आणि भावाच्या मयताला जिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं, ती एका जळलेल्या पातेल्यासमोर हमसून रडत होती. मी टोपी हातात घेऊन उभा राहिलो.

अलसिदकाका आले, वास घेतला, पातेल्यात डोकावले. "माझी गाय दोनदाच दूध देते, नोएला," ते म्हणाले. "तुझा भाऊ आणखी कितीही मोठा गवई असता तरी दोनदाच." मग ते बाहेर गेले. मला वाटलं घरी गेले. ते घरोघर गेले होते. दुपारपर्यंत लोक यायला लागले. कोणी खाली दुकानातून आणून ठेवलेली सायीची बाटली घेऊन, कोणी पोरांसाठी राखलेली वाटीभर, कोणी डब्यातलं आटवलेलं दूध. ज्यांनी सह्या करून टाकल्या होत्या त्या घरांतूनही आली. ती माणसं दारातच बाटली ठेवून वळायची, नजर चुकवायची. नोएलाने त्यांना हाक मारून आत घेतलं. त्या दिवशी तिने कोणालाच, सही केलीस का, असं विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी दामफूस आला. एकटाच. मित्रांना जमलं नव्हतं. रात्री बर्फ पडलं होतं, त्याचे बूट शहरी, पातळ. उंच, मऊ आवाजाचा माणूस. वाईट होता असं मी आजही म्हणणार नाही. नोएलाने त्याच्या मागे रस्त्याकडे पाहिलं, कोणी येतंय का, आणि मग त्याचा कोट घेतला.

त्याने सगळ्यांना गायला लावलं. सत्तावन्न माणसं होती, मी मोजली, खाली गेलेलीही काही वर आली होती. रोझेरची गाणी आम्ही ज्या वेड्यावाकड्या सुरात म्हणायचो त्याच सुरात म्हटली. मग त्याने टेपरेकॉर्डर नोएलासमोर ठेवला आणि ती एक तास बोलली. मी तिला इतकं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. गावात किती माणसं आहेत, कोण काय पिकवतं, जमीन वाईट नाही, रस्ता वाईट आहे, आणि रस्ता दुरुस्त होतो. कोणाच्या घरी कधी बाळ झालं. लाकूड कापण्याची गिरणी गावानेच मिळून काढायची योजना, तिचा कागद अलसिदकाकांकडे आहे, वाचून दाखवू का. दामफूस मान डोलवत होता. वडी तोंडात घातल्यावर त्याचे डोळे भरून आले. म्हणाला, माझी आई अशीच करायची. नोएलाने त्याला पत्र्याचा डबा भरून दिला आणि गाडीपर्यंत सोडायला गेली. तिने त्याचा हात दोन्ही हातांत धरला होता. काय बोलली ते मला ऐकू आलं नाही, पण तो सारखा "नक्की, मादाम, नक्की" म्हणत होता.

कार्यक्रम नोव्हेंबरातल्या पहिल्या रविवारी दुपारी लागला. मी मुद्दाम वर गेलो. स्वयंपाकघरात तिसेक माणसं, पोरं टेबलाखाली, रेडिओ कपाटावर. कार्यक्रम फार सुंदर होता, हे सांगायलाच हवं. रोझेरचा आवाज, मधे दामफूसचा मऊ आवाज, मध्येच वाऱ्याचा घोंघाट. तो त्याने आमच्याच अंगणात टेप केला होता. गावाने म्हटलेलं एक गाणं होतं, पण खूप लांबून आल्यासारखं, हळूहळू विरत जाणारं. आम्ही नोएलाच्या बोलण्याची वाट पाहत होतो. एका तासातलं एक वाक्य आलं: "त्याला माझ्या वड्या आवडायच्या, पातेलं चाटून पुसायचा." त्यानंतर दामफूस म्हणाला, की त्या उंचावरच्या गावात आता फक्त वारा राहतो, दारं वाऱ्यावर आपटतात, आणि सें-फ्युल्बेर आता फक्त या गाण्यांत उरलं आहे.

टेबलाखालच्या एका पोरीने आईला विचारलं, आपण कुठे गेलो म्हणून. अलसिदकाका उठले आणि रेडिओ बंद केला.

"म्हणजे आपली तेरवी झाली," ते म्हणाले. "तीही आपल्याच सायीची."

हसू कोणालाच आलं नाही. माणसं एकेक करून कोट घालून निघाली. त्या आठवड्यात सहा घरांनी सह्या केल्या. अलसिदकाकांनी शुक्रवारी केली. कागदावरची शाई वाळायच्या आत ते नोएलाकडे येऊन सांगून गेले, दुसऱ्याकडून कळू नये म्हणून. मला म्हणाले, मी बहात्तर वर्षांचा आहे ओमेर, मेल्याची बातमी रेडिओवर ऐकल्यावर कोणाशी भांडू.

सोमवारी नोएला माझ्याच गाडीतून खाली आली. मोठ्या पोस्टातून तिने मॉन्ट्रियलला फोन लावला. मी शेजारीच उभा होतो. फोनमधून दामफूसचा आवाज मोठ्याने येत होता, त्यामुळे दोन्ही बाजू ऐकू येत होत्या. तो आनंदला होता. म्हणाला, मादाम, शेकडो पत्रं आलीत, लोक रडलेत, माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला कार्यक्रम आहे.

नोएला म्हणाली, "आम्ही सत्तावन्न जण होतो तिथे. तुम्ही आमच्या हातचं खाल्लंत."

तो समजावायला लागला. गाण्यांचा सूर विरहाचा आहे, कार्यक्रमही त्याच सुरात जायला हवा. आणि गाव बंद होणारच आहे ना, आज नाही तर सहा महिन्यांनी, मग काय फरक पडतो.

"सहा महिन्यांचा पडतो," ती म्हणाली. मग तिचा आवाज खाली आला. रागावलेली नोएला मला परवडली असती, पण हा आवाज मी कधी ऐकला नव्हता. "तुम्ही पुन्हा एकदा बोला रेडिओवर. एकच वाक्य. मोठं नको. तिथे माणसं राहतात, एवढंच म्हणा. मी तुमच्या पाया पडते."

मग तो म्हणाला, की ते त्याच्या हातात नाही, कार्यक्रमांची आखणी वरून होते, आणि त्याला फार वाईट वाटतंय. खरंच वाटत असावं. तिने फोन ठेवला.

डिसेंबरात मी वर नेलेल्या थैलीत एक खलिता होता. माझ्याच खात्याचा. सें-फ्युल्बेरचं पोस्ट बंद. आत काय आहे हे मला खालीच कळलं होतं आणि वाटेत दोनदा गाडी थांबवून मी विचार केला की हा दरीत टाकावा. नाही टाकला. नोएलाने तो नेहमीच्या टपालासारखा वेगळा काढला, तारखेचा शिक्का मारला, मग उघडला. वाचून झाल्यावर कॉफी ओतली. त्या दिवशी पहिल्यांदा ती मला, बस, असं म्हणाली नाही. मी आपला बसलो.

हिवाळ्यात सरकारने रस्त्यावरचं बर्फ काढणं थांबवलं. वर चार घरं राहिली, मग दोन, मग ती. मी माझ्या सुट्टीच्या दिवशी बर्फावर चालणाऱ्या पट्ट्याच्या गाडीने तिच्याकडे सामान पोचवायचो. तिला एकदा विचारलं, कशासाठी थांबली आहेस. म्हणाली, "त्या माणसाला खोटं पाडायला." पण ते म्हणतानाही तिच्यात जोर नव्हता. ती बारीक झाली होती. चूल एकच खोली तापवत होती आणि ती त्याच खोलीत झोपत होती. मार्चमध्ये वीज तोडली. एप्रिलच्या एका सकाळी मी पोचलो तर तिने कागद टेबलावर ठेवला होता, सही केलेला. "घेऊन जा," म्हणाली. मी तो कोटाच्या आतल्या खिशात ठेवला आणि खाली येईपर्यंत तिथे हात लावून बघत राहिलो, सापडू नये असं वाटत असतानाही.

जूनमध्ये घरं जाळली. कोणी परत येऊन राहू नये म्हणून तसा नियमच होता. माणसांनी बघायला येऊ नये असं सांगितलं होतं, पण नोएला आली. आदल्या दिवशी तिने स्वयंपाकघराची फरशी घासून पुसून घेतली होती. पेटवणाऱ्यांतला एक जण तिला ओळखत होता, म्हणाला, मावशी, जळायच्या घराची कोण साफसफाई करतं. ती म्हणाली, मयताला आंघोळ घालतात की नाही. छप्पर खाली बसेपर्यंत ती उभी राहिली. मग गाडीत येऊन बसली आणि स्वतःच दार ओढून घेतलं.

तिला तिसऱ्या मजल्यावर खोली मिळाली. गावातली माणसं तीन इमारतींत विखुरली होती. अलसिदकाका खालच्या मजल्यावर, दिवसभर खिडकीशी. गाय नव्हती तर ते पहाटे चारला उठून काय करायचे देव जाणे. दीड वर्षात ते गेले.

जाण्याआधी एक गोष्ट त्यांनी पाहिली. बहात्तरच्या ऑक्टोबरात आमच्या किनाऱ्यावरच्या नगरपालिकेने रोझेरच्या नावाने सोहळा ठरवला. त्या कार्यक्रमामुळे त्याचं नाव पुन्हा लोकांच्या तोंडी आलं होतं. मॉन्ट्रियलहून गायक आले, गाड्या भरभरून माणसं आली. चारशे खुर्च्या कमी पडल्या. नोएलाने ज्यांना ज्यांना पत्रं लिहिली होती त्यांतले कितीतरी पहिल्या रांगांत होते. नगरपालिकेच्या बाईंनी तिला वड्या करायला सांगितल्या होत्या. मला वाटलं ती त्यांना दार दाखवेल. तिने केल्या. मी विचारलं तर म्हणाली, "वाढदिवस त्याचा आहे. त्याने काय केलंय?"

शेवटी तिला मंचावर बोलावलं. माइक तिच्या तोंडापेक्षा उंच होता, कोणीतरी खाली केला. ती म्हणाली, "माझ्या भावाचं गाव गाण्यात राहतं असं तुम्ही ऐकलंत. ते मागच्या तीन रांगांत बसलंय. त्यांच्याशी बोला." आणि उतरली.

चारशे माणसं मागे वळली. आमची माणसं आधी खाली बघायला लागली. मग अलसिदकाका काठीवर भार देऊन उभे राहिले, त्यांच्यामागून आणखी एकेक. काही शहरी लोक उठून त्यांच्याकडे गेले, हात मिळवले, नावं विचारली. एका तरुण मुलीने वहीत काहीबाही लिहून घेतलं. बाकीचे बहुतेक वड्यांच्या टेबलाकडे गेले.

दामफूसही होता. तो नोएलाजवळ आला, काही म्हणणार होता, पण तिने त्याला बशी दिली आणि पुढच्या माणसाकडे वळली.

मी तिला घरी सोडलं. जिन्यात दर मजल्यावर ती श्वास घ्यायला थांबत होती. दारात मी म्हटलं, मावशी, आज आले बघ सगळे. तिने किल्ली फिरवली, आत जाऊन दिवा लावला आणि म्हणाली, "एक वर्ष उशिरा आले, ओमेर."